हेजहॉगची बदनामी

गेले तीन-चार वीकांत डोक्यात एकच भुंगा आहे, तो आज इथे सोडून देतो. विषय बुद्धिबळाचा आहे. पण घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही माहीत नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण माझं भांडण पटाशी कमी आणि पट शिकवणाऱ्यांशी जास्त आहे.

मी राहतो गासला. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला. रविवारची मिस्सा आटोपली की आळीतली सात-आठ पोरं आमच्या पडवीत पट मांडून बसतात. मी कोच वगैरे नाही हो. सोमवार ते शुक्रवार विरार लोकल आणि कोड, रविवारी ही पोरं. त्यातली दोघं-तिघं आपल्या पट्ट्यातल्या एका क्लासलाही जातात. मी त्यांना हेजहॉग नावाची मांडणी दाखवली आणि त्यांना ती आवडली. क्लासमध्ये मात्र फर्मान निघालं: "असलं रडकं काही खेळायचं नाही. इंजिन लावून बघा, पांढरा वर आहे. नुसतं बसून राहून कोणी जिंकतं का?" सोबत चाळीस पानांची एक फाइल दिली, ओपनिंगच्या चालींची. पाठ करून यायची. पाढे म्हणतात तशी!

"नुसतं बसून राहणं" या शब्दांनी माझी तिडीक गेली. म्हणून हा प्रपंच.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखा काटेरी, पण लहानसा प्राणी. धोका दिसला की अंग आक्रसून गोळा होतो आणि काटे बाहेर काढतो. पटावर काळ्याची प्यादी ए६, बी६, डी६ आणि ई६ या घरांत उभी असतात, एकेक घर पुढे सरकलेली. सी-प्यादं पांढऱ्याच्या डी-प्याद्याबरोबर कटलेलं असतं. पांढऱ्याची प्यादी सी४ आणि ई४ वर, म्हणजे पटाचा मध्य त्याच्या ताब्यात. काळ्याचे उंट बी७ आणि ई७ वर, घोडे डी७ आणि एफ६ वर, वजीर सी७ किंवा बी८ वर, एक हत्ती सी८ वर, दुसरा ई८ किंवा डी८ वर. काळ्याची एकही सोंगटी सहाव्या ओळीच्या पुढे नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, बिचारा कोपऱ्यात दबून बसलाय.

गासच्या माणसाला आक्रसलेल्या जागेत राहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एका अंगाला सनसिटीचे टॉवर, दुसऱ्या अंगाला वाड्या, आणि मधला रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली. पण उपमा इथेच थांबवतो, नाहीतर म्हणाल बुद्धिबळ राहिलं बाजूला. :)

आता मुद्दा. हेजहॉग खेळणारा बसून नसतो. त्याच्या हातात निदान तीन हत्यारं असतात आणि तिन्ही म्यानात.

पहिलं हत्यार, बी५. काळा बी-प्यादं पुढे ढकलतो, पांढरा सी-प्याद्याने ते खातो, काळा ए-प्याद्याने परत खातो. आता पुढची धमकी बी४ ची, म्हणजे सी३ वरचा घोडा हाकलायची. तो घोडा ई४ च्या प्याद्याचा राखणदार. तो हलला की बी७ चा उंट आणि एफ६ चा घोडा दोघे मिळून ई४ वर तुटून पडतात. एका कोपऱ्यातलं प्यादं हललं आणि भिंत कोसळली पटाच्या मध्यावरची.

दुसरं हत्यार, डी५. समजा काळ्याने आधी सावकाश ई७ चा उंट डी८ मार्गे सी७ वर नेला आणि वजीर बी८ वर ठेवला. आता डी६ चं प्यादं डी५ वर सरकलं की बी८ पासून एच२ पर्यंतचा कर्ण धाडकन उघडतो, आणि त्या कर्णाच्या टोकाला किल्लेकोट केलेला पांढरा राजा बसलेला असतो. शिवाय मधली प्यादी कटली की ई८ चा हत्ती जागा होतो. पांढऱ्याने उत्तरादाखल ई५ ढकलून घोडा हाकलायचा म्हटलं तर ते घर वजीर, उंट आणि डी७ च्या घोड्याने आधीच रोखून धरलेलं. आठ-दहा चाली "काही न करता" घालवल्या असं ज्यांना वाटलं, त्या सगळ्या चालींचा हिशेब या एका क्षणी चुकता होतो.

तिसरं हत्यार सगळ्यात अचाट. राजा एच८ वर, हत्ती जी८ वर, आणि मग जी५! आपल्याच राजासमोरचं प्यादं सोडायचं आणि समोरच्याच्या राजावर चालून जायचं. ही कल्पना बॉबी फिशरने १९७० साली सीगनला उल्फ अँडरसनविरुद्धच्या प्रदर्शनी सामन्यात दाखवली. तिथे फिशर पांढरा होता आणि हेजहॉग उलट्या रंगाने खेळत होता: राजा एच१, हत्ती जी१, मग जी४. जिंकला. १९८२ मध्ये किस्लोवोद्स्कला युसुपोव्हने तैमानोव्हविरुद्ध हीच योजना काळ्या सोंगट्यांनी राबवली आणि तोही जिंकला. त्याच वर्षी ल्युसर्नच्या ऑलिंपियाडमध्ये फ्तॅचनिकने हेजहॉगमधूनच पोलुगायेव्स्कीला हरवलं. पोलुगायेव्स्की म्हणजे कोणी लिंबूटिंबू नव्हे, जागतिक विजेतेपदाच्या कँडिडेट्स लढती खेळलेला माणूस.

आता पांढऱ्याकडून बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. पांढऱ्याकडे जागा आहे, पण करायचं काय? एफ४-एफ५ करून ई६ वर दाब आणावा, तर एफ३ वरून ई४ ला मिळू शकणारा जोर गेला आणि काळ्याचे बी५, डी५ आणखी धारदार झाले. जी४-जी५ करून घोडा हाकलावा, तर स्वतःच्या राजासमोरचं दार उघडं. ए४ करून बी५ अडवावं, तर बी४ चं घर राखायला आता प्यादं उरलं नाही. मग राहतं काय? एफ३ करायचं, हत्ती सी१ आणि डी१ वर आणायचे, उंट एफ१ वर घ्यायचा, राजा कोपऱ्यात सरकवायचा. सगळं नीटनेटकं. आणि त्यानंतर? त्यानंतरही चाल करावीच लागते! बुद्धिबळात "पास" म्हणता येत नाही. रोमानियाचा ग्रँडमास्टर मिहाई सुबा याने १९९१ च्या 'डायनॅमिक चेस स्ट्रॅटेजी' या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलंय. जी स्थिती आदर्श झाली तिच्यात आणखी सुधारणा होऊ शकत नाही, तेव्हा तिथून पुढची प्रत्येक चाल ती थोडी बिघडवण्याचीच शक्यता जास्त. काळ्याला मात्र वजीर बी८ वरून ए८ वर, हत्ती इकडून तिकडे, असं करत वाट पाहायला भरपूर जागा असते. मग बसून कोण आहे आणि ताटकळतोय कोण, हे तुम्हीच ठरवा.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही.

इंजिन लावलं की बहुतेक हेजहॉग स्थितींत पांढरा थोडा वर दिसतो, हे खरं. हेजहॉगमध्ये माणसं चिरडली जातात, हेही खरं. खुद्द कास्पारोव्ह घ्या. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये कार्पोव्हविरुद्धच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीतला तिसरा डाव. कास्पारोव्ह काळा, मांडणी हेजहॉगची, घोडा मात्र डी७ ऐवजी सी६ वर. बाराव्या चालीला त्याने तो घोडा ए५ वर नेला, कार्पोव्हने वजिराने सरळ बी६ चं प्यादं उचललं. कास्पारोव्हने ई४ वर घोडा घालून, मागोमाग डी५ करून स्फोट घडवायचा प्रयत्न केला, पण वेळ चुकली होती. ३१ चालींत खेळ खलास.

म्हणजे क्लासवाले बरोबर? थांबा, गोष्ट पुढे आहे. ती लढत ४८ डावांनंतर निकालाविना थांबवली गेली, ते तुम्हाला कदाचित आठवत असेल. १९८५ मध्ये पुन्हा दोघे समोरासमोर. सोळावा डाव. पहिल्या सात चाली त्याच! आणि आठव्या चालीला, मांडणी पुरी व्हायच्या आत, कास्पारोव्हने डी५ ढकललं. प्यादं बहाल करून. जो धक्का वीस चालींनंतर द्यायचा तो त्याने दारातच दिला. सोळाव्या चालीला त्याचा घोडा डी३ वर, कार्पोव्हच्या घरात, जाऊन बसला आणि चौतिसाव्या चालीपर्यंत तिथून हलला नाही. कार्पोव्हच्या सोंगट्यांना श्वास घ्यायला जागा नव्हती. चाळीस चालींत कास्पारोव्ह जिंकला. विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम डावांत तो गणला जातो.

आणखी पुढे. १९८६ मध्ये ब्रसेल्सला व्हॅन डर व्हीलने कार्पोव्हविरुद्ध तीच आठवी चाल केली. कार्पोव्ह तयारीत होता. त्याने बाराव्या चालीला किल्लेकोट न करता उंट ई३ वर आणला आणि डाव जिंकला. कास्पारोव्हच्या त्या जादूची हवा निघाली.

हे तीन डाव एका ओळीत ठेवा. डी५ एकदा फसलं, एकदा लखलखलं, एकदा पुन्हा फसलं. आता सांगा, चाळीस पानांची फाइल पाठ करणाऱ्या पोराला यातलं काय मिळेल? १९८५ साली छापलेली फाइल त्याला "आठवी चाल डी५" शिकवील, १९८६ साली छापलेली "आठवी चाल डी५ वाईट" शिकवील. डी५ केव्हा चालतं आणि का, हे दोन्ही फायलींत नसेल. समोरचा भिडू चौथ्याच चालीला फाइलबाहेर गेला, की पोरगं माझ्याकडे बघतं. अगदी तेच डोळे! गावातल्या ज्या पोरांना मी गेल्या काही वर्षांत खेळताना पाहिलं, त्यातली बरीचशी तेरा-चौदाव्या वर्षी खेळ सोडून बसली. सगळ्यांची कारणं एक नाहीत, दहावी हे मोठं कारण आहेच. पण "आता कंटाळा येतो" असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात चालींचा साठा होता, योजना एकही नव्हती. पाठांतर संपलं की पटावर करण्यासारखं काही उरत नाही, मग कंटाळा येईल नाहीतर काय?

इंजिनाचं म्हणाल तर ते माझंच क्षेत्र, त्यामुळे चार शब्द. इंजिन जो आकडा देतं तो पुढच्या बिनचूक खेळावर बेतलेला असतो. "पांढरा अर्ध्या प्याद्याने वर" याचा अर्थ, पांढऱ्याने प्रत्येक चालीला बी५ आलं तर काय, डी५ आलं तर काय, जी५ आलं तर काय, हे तिन्ही प्रश्न सोडवले तर तो थोडा वर राहील. बारा वर्षांच्या पोराने, घड्याळ टिकटिकत असताना. तो आकडा बघून "ही मांडणी खेळू नका" म्हणणं म्हणजे प्रोफायलरचा एक आकडा बघून अख्खं मॉड्यूल फेकून देणं. हापिसात असं कोणी केलं तर आपण त्याला काय म्हणतो?

आणि "रडकं" या शब्दाबद्दल. आपल्याकडे हलचाल दिसली की काम झालं असं मानायची खोड आहे. दिवसभरात तीस मेल टाकणारा कामसू, आणि चार तास वहीवर आकृत्या काढून शेवटी अकरा ओळी लिहिणारा आळशी. पोरांचे आईबापही डावानंतर विचारतात, "अटॅक केलास की नाही?" अहो, अटॅक हा एक प्रकार झाला. समोरच्याला प्रत्येक चालीला तीन धमक्यांची मोजदाद करायला लावणं हाही दाबच, फक्त तो फोटोत दिसत नाही.

आणि विरोधाभास बघा. घरात शिरून, एकेक प्यादं सावकाश सरकवत मांडणी करायची ही रीत आपल्याला परकी नाही! आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. त्यामुळे आधी आपल्या हद्दीत फळी उभारायची, प्याद्याला प्याद्याचा जोर द्यायचा, आणि मगच भिडायचं, हाच शिरस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचा खेळाडू जॉन कोक्रेन या ब्रिटिश बॅरिस्टरशी युरोपीय नियमांनी असंख्य डाव खेळला, पण सवय देशीच ठेवून: प्यादी एक घर, उंट कोपऱ्याच्या कर्णावर, मध्य आधी समोरच्याला देऊन टाकायचा आणि मग पोखरायचा. युरोपला ते तेव्हा विचित्र वाटलं. पुढे त्याच धाटणीला "इंडियन डिफेन्स" हे नाव मिळालं. आज क्वीन्स इंडियनमधून आणि इंग्लिश ओपनिंगमधून ज्या वाटा हेजहॉगकडे जातात, त्यांच्या नावात आपण आहोत. देशी खेळातून आलेला मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. आणि आपला क्लास सांगतो, एकेक घर सरकवणं रडकं!

महाराष्ट्रात सध्या बुद्धिबळाला बरे दिवस आलेत. २०२३ मध्ये नाशिकच्या विदित गुजराथीने ग्रँड स्विस जिंकली, २०२४ मध्ये बुडापेस्टला सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, तिथेच महिला संघाच्या सुवर्णात नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि २०२५ च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली. पोरांच्या डोळ्यांत चमक आली, आईबापांनी खिशात हात घातला, क्लास भरले. छानच झालं. पण भरलेल्या क्लासला लवकर निकाल दाखवावा लागतो, आणि लवकर निकाल येतो तो सापळ्यांनी. समोरचं पोरगं कच्चं असेल तोवर. त्यातून फिडेने मार्च २०२४ मध्ये रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० केली. म्हणजे सापळ्यांवर जिंकून खालच्या पायऱ्या चढत जायची सोयही गेली. रेटिंगच्या यादीत टिकायचं तर मधला डाव खेळता आला पाहिजे.

मग करायचं काय? नुसती टीका करून मोकळा होतो असं नको, म्हणून आमच्या पडवीतली पद्धत सांगतो. फुकट आहे, उचला.

एक. पटावरून सगळ्या सोंगट्या काढा, फक्त प्यादी आणि राजे ठेवा. पोराला विचारा, कुठलं प्यादं कुठे धडकू शकतं? हेजहॉगमध्ये काळ्यासाठी उत्तरं दोन-तीनच येतात. ती त्याने स्वतः शोधली की विसरत नाही.

दोन. मग सोंगट्या ठेवा आणि विचारा, हा धक्का आज दिला तर कुठल्या सोंगट्या जाग्या होतात, त्याच्या की आपल्या? उत्तर "त्याच्या" असेल तर आज द्यायचा नाही. वाट बघायची ती का, हे पोराला इथे कळतं.

तीन. त्याच स्थितीतून पाच डाव काळ्याने, पाच डाव पांढऱ्याने. पांढऱ्याने खेळल्याशिवाय हेजहॉगची दहशत कळत नाही, आणि काळ्याने चिरडून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

चार. इंजिन शेवटी. आधी पोराने तोंडाने सांगायचं, कुठे चुकलं असं वाटतं. मग खुशाल यंत्राला विचारा.

बस एवढंच. यात फाइल नाही, पाठांतर नाही. महिनाभर लागतो आणि महिनाभर निकाल दिसत नाही, हे आईबापांना आधीच सांगून ठेवावं लागतं. पण एकदा ही नजर आली की ती हेजहॉगपुरती राहत नाही. फ्रेंच असो, किंग्ज इंडियन असो, पोरगं आधी प्यादी बघतं, मग सोंगट्या, आणि मग समोरच्याचा चेहरा.

तुमच्यापैकी ज्यांची पोरं, भाचे, पुतण्या क्लासला जातात, त्यांना एकच विनंती. या रविवारी त्यांना "किती जिंकलास?" विचारू नका. पट मांडा, एक स्थिती लावा आणि विचारा, "इथे काळ्याचा बेत काय?" उत्तरादाखल चालींची यादी आली, तर फी कशाची भरताय ते क्लासला जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

असो. भुंगा सुटला. प्रतिक्रियांमध्ये इंजिनाचे आकडे फेकायचे असतील तर जरूर फेका, फक्त सोबत पांढऱ्याची पुढची योजनाही लिहा. "वाट बघतो" हे उत्तर चालणार नाही, ते काळ्याचं आहे. :)